मांडेल्लोचा गरुड, बोलोन्याचा हट्ट : जुन्या इटालियन मोटरसायकलींचा धागा

निळा_धूर (धागाकर्ता)

बुलेटच्या धाग्यावर मध्येच मोटो गुझी या इटालियन कंपनीची पिंक टाकली तर तिथल्या मंडळींनी "वेगळा धागा काढा, इथे घाण करू नका" म्हणून हाकललं. घ्या, काढला.

आधीच सांगून टाकतो, या गाड्या व्यवहारी माणसासाठी नाहीत. ऑइल गळतं, वायरिंग रामभरोसे, क्रोम दोन पावसाळ्यांत सोलवटतं. १९६९ साली होंडाने सीबी ७५० आणली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबलं की चालू आणि पार्किंगमध्ये खाली थेंब नाही. त्यानंतर युरोपातल्या बऱ्याच कारखान्यांनी मान टाकली, ते रास्तच झालं. मला या गाड्या आवडतात त्याचं कारण निराळं आहे. प्रत्येक गाडीत कुणा एका माणसाचा हट्ट असतो आणि तो झाकलेला नसतो. रस्त्यावर उभं राहून नुसतं बघितलं तरी कळतं की हा माणूस कुठे अडून बसला होता.

सुरुवात मांडेल्लोपासून. मिलानच्या उत्तरेला कोमो सरोवर, त्याच्या लेक्कोकडच्या फाट्यावर पूर्व काठाला मांडेल्लो देल लारिओ हे गाव. पहिल्या महायुद्धात इटालियन हवाई तुकडीत तिघांची दोस्ती झाली. कार्लो गुझी मेकॅनिक, जॉर्जो पारोदी आणि जोव्हान्नी रावेल्ली वैमानिक. ठरलं असं की गुझीने गाडी बनवायची, पारोदीच्या घरच्यांनी पैसा घालायचा (जेनोवाचे जहाजवाले लोक) आणि रावेल्लीने शर्यती जिंकायच्या. युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये रावेल्ली विमान अपघातात गेला. उरलेल्या दोघांनी १९२१ मध्ये कंपनी काढली आणि त्याच्या आठवणीसाठी पंख पसरलेला गरुड टाकीवर घेतला. तो अजून तिथेच आहे.

आता गुझीचा हट्ट. त्याने ५०० सीसीचा एकच सिलिंडर घेतला आणि तो उभा न ठेवता पुढच्या चाकाकडे तोंड करून आडवा निजवला. हेडला वारा थेट लागतो, वजन खाली राहतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८२. त्या काळी सगळे लांब स्ट्रोकची इंजिनं बनवत होते आणि हा उलटा निघाला! बरं, एकदा ठरवलं ते ठरवलं. १९२१ ची पहिली 'नॉर्माले' आणि सत्तरीच्या दशकातली 'नुओव्हो फाल्कोने', दोन्हींचा बोअर-स्ट्रोक तोच.

आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती एकसारखी ठेवणारं जड चाक! सगळं जग ते क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, पोटात लपवतं. गुझीने ते बाहेर काढलं, चांगल्या थाळीएवढं, उघडं. व्यास मोठा मिळाला की चाकाला जडत्व मिळतं आणि क्रँककेस आटोपशीर राहतो, हा त्यामागचा हिशोब. इंग्रज लोक त्याला मांस कापायचं यंत्र म्हणतात. पँटची मोहरी सांभाळून बसायचं.

फाल्कोने (१९५० नंतरची, इटलीच्या पोलिसांची आणि लष्कराची लाडकी) मांडेल्लोत एका आजोबांनी मला चालू करू दिली. पेट्रोल कॉक उघडा. डेल ऑर्तो कार्बोरेटरचा टिकलर (पेट्रोल वर आणणारं बटण) दाबा, बोटाला पेट्रोल लागेपर्यंत. हँडलवरच्या खटक्याने स्पार्क मागे घ्या, नाहीतर किक उलटी येऊन घोटा शेकतो. डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे आणा, सोडा आणि मग एकच लांब किक. बुलेटवाल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, फक्त इथे अँपिअरच्या काट्याकडे बघत बसायची भानगड नाही. लागली की बाहेरचं फ्लायव्हील सावकाश फिरताना दिसतं आणि दोन ठोक्यांमध्ये इतकी फट असते की वाटतं, झालं, बंद पडली. पडत नाही.

याच कारखान्याने पुढे भलताच पराक्रम केला. जुलिओ चेझारे कार्कानो नावाच्या इंजिनिअरने १९५५ मध्ये शर्यतीसाठी ५०० सीसीत आठ सिलिंडर बसवले. व्ही-८, पाण्याने थंड होणारं. एकेक सिलिंडर जेमतेम ६२ सीसीचा, म्हणजे आपल्या लुनापेक्षा थोडाच मोठा. प्रत्येकाला वेगळा कार्बोरेटर, आठच्या आठ! ते सगळे एका सुरात आणायचे म्हणजे मेकॅनिकला काय घाम फुटत असेल. वेग ताशी २७५ किलोमीटरच्या आसपास, तो त्या काळच्या बारीक टायरवर आणि ड्रम ब्रेकवर. पूर्ण आकाराची गाडी बसेल असा विंड टनेल कारखान्यात १९५० पासून होता, आजही उभा आहे. पण १९५७ च्या शेवटी गुझीने ग्रां प्रीतून, म्हणजे जागतिक स्पर्धेच्या शर्यतींतून, अंग काढून घेतलं आणि व्ही-८ जागतिक स्पर्धेतली एकही शर्यत न जिंकता म्युझियममध्ये गेली.

डुकाटीवर लिहायला बसलो तर रात्र जाईल. कुणी विचारलं तर प्रतिसादात.

कोरडी_भेळ

ॲव्हरेज किती देते? (कुणीतरी विचारणारच होतं, म्हटलं आपणच उरकून टाकू.)

निळा_धूर

@कोरडी_भेळ, पेट्रोलचं विचारताय की ऑइलचं?

तांबडी_जावा

लेख झकास, पण शीर्षकात 'इटालियन' बघून जरा खट्टू झालो. हट्टच बघायचा तर चेकोस्लोव्हाकियाकडे या की.

फ्रान्तिशेक यानेचेक हा शस्त्रास्त्रांचा कारखानदार. १९२९ मध्ये त्याने जर्मन वांडरर कंपनीच्या ५०० सीसी गाडीचे हक्क घेतले आणि आपल्या नावातलं 'जा' (रोमन लिपीतलं Ja) आणि त्यांच्यातलं 'वा' जोडून जावा केली. पुढे जर्मनांनी देश ताब्यात घेतला, कारखान्यात त्यांची कामं सुरू झाली, पण इंजिनिअर लोक लपूनछपून लढाईनंतरची गाडी तयार करत राहिले. ती २५० सीसीची 'पेराक' १९४६ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात बाहेर आली. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आणि गिअर टाकताना क्लच आपोआप सुटण्याची सोय.

ही परंपरा १९६१ मध्ये म्हैसूरला आली, फारुख इराणींची आयडियल जावा. किकचाच गिअर होतो ही जादू आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने पहिल्यांदा तोंड उघडं टाकून बघितली आहे. किक आत दाबली, पुढे फिरवली की गिअरचा पाय. नवशिक्याला गाडी द्यायची आणि तो किक कुठे गेली म्हणून शोधत बसला की कट्ट्यावर बसून हसायचं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना याच एका गोष्टीवर आम्ही कितीतरी चहा जिंकले. १९७३ पासून नाव येझदी झालं, १९९६ मध्ये कारखाना बंद.

निळा_धूर

@तांबडी_जावा, मान्य. जावाला विरोध केला तर घरी जेवायला मिळणार नाही, वडिलांकडे होती.

प्राची_गोखलेनगर

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं.

आमच्याकडे बजाजचा चेतक होता. सकाळी चालू झाला नाही की बाबा तो एका अंगाला पार कलंडवायचे, मग किक. ते का करायचे हे आजवर कुणी सांगितलं नाही. तो पण इटालियनच ना? आणि वर लुनाचा उल्लेख आहे म्हणून विचारते, ती तरी आपली आहे का?

शिवाय डुकाटीचं ते 'डेस्मो' काय असतं? माझा भाऊ तो शब्द देवाचं नाव घेतल्यासारखा उच्चारतो.

निळा_धूर

@प्राची_गोखलेनगर, एकेक करून सांगतो.

चेतक हा व्हेस्पाचा थेट वंशज. पिआज्योचा कारखाना विमानं बनवायचा, लढाईत उद्ध्वस्त झाला. कोर्रादिनो दास्कानिओ हा मुळात हेलिकॉप्टरचा माणूस, त्याला मोटरसायकली आवडायच्याच नाहीत. तेलकट साखळी नको, पाय फाकून बसणं नको, पंक्चर काढायला त्रास नको, असं करत करत त्याने १९४६ मध्ये व्हेस्पा केली. पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं आहे ते विमानाच्या चाकासारखं. बजाज साठच्या दशकात आकुर्डीला परवान्यावर व्हेस्पा बनवत होतं. १९७१ मध्ये करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आला. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणं वगैरे इथल्या ज्येष्ठांना विचारा. इंजिन उजव्या अंगाला असतं, त्यामुळे गाडी त्या अंगाला कलंडवली की पेट्रोल इंजिनाकडे सरकतं. बाबांचं शास्त्र पक्कं होतं.

लुना पण तिकडचीच. पिआज्योची 'चाओ' नावाची मोपेड १९६७ ची, तिच्यावरून फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लुना आणली. म्हणजे महाराष्ट्रात शाळामास्तर, पोस्टमन आणि दूधवाले तीस वर्षं इटालियन गाडीवर फिरत होते आणि एकानेही कॉलर ताठ केली नाही!

आता डेस्मो. इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे व्हॉल्व्ह असतात. कॅम (फिरणाऱ्या दांड्यावरचा उंचवटा) त्यांना ढकलून उघडतो, बंद करायचं काम स्प्रिंगचं. इंजिन फार जोरात फिरायला लागलं की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याला भेटतो. मग गॅरेजवाल्याची दिवाळी. पन्नाशीच्या दशकात स्प्रिंगचं पोलाद यथातथाच होतं, तुटायचंही. बोलोन्यात फाबिओ ताल्योनी १९५४ मध्ये डुकाटीत आला. तो म्हणाला, स्प्रिंगवर विसंबायचंच कशाला? उघडायला एक कॅम, मिटायला दुसरा. व्हॉल्व्ह दोन्हीकडून पकडलेला, त्याला चुकायला जागाच नाही. कल्पना जुनी, मर्सिडीजने रेसिंग कारमध्ये वापरलेली. पण ताल्योनी तिला चिकटून राहिला. १९५६ मध्ये स्वीडनच्या ग्रां प्रीत त्याची १२५ पहिल्याच खेपेला जिंकली, १९६८ मध्ये रस्त्यावरच्या गाडीत आलं आणि डुकाटीने ते नंतरही दशकानुदशकं सोडलं नाही. स्प्रिंगा सुधारल्या तरी नाही.

याचा त्रास काय, तर टॅपेट (व्हॉल्व्हमधली फट) सेट करताना एकेका व्हॉल्व्हची दोन मापं घ्यायची, उघडणारं वेगळं आणि मिटणारं वेगळं. बारीक शिम (पातळ चकत्या) बदलत बसायचं. तुमच्या भावाकडे ती गाडी असेल तर त्याच्या उच्चारात भक्ती आणि बिलाची धास्ती दोन्ही असणार.

घाटपायथा

धागाकर्त्याने इमोला सोडून दिलं? हे म्हणजे १९८३ चा वर्ल्ड कप सांगताना कपिलदेव विसरणं.

निळा_धूर

येतोय की राव.

२३ एप्रिल १९७२, इमोला, दोनशे मैलांची शर्यत. डुकाटीने ७५० सीसीचं नवं ट्विन आणलं होतं. दोन सिलिंडर नव्वद अंशात, एक जवळजवळ आडवा, एक जवळजवळ उभा. समोर होंडा, नॉर्टन, ट्रायम्फ, शिवाय एमव्ही अगुस्ता या दुसऱ्या इटालियन कंपनीच्या गाडीवर साक्षात आगोस्तिनी. पॉल स्मार्ट पहिला, ब्रुनो स्पाज्यारी दुसरा, दोघेही डुकाटीवर. तोवर डुकाटी म्हणजे छोट्या गाड्या करणारी कंपनी, त्या एका दुपारनंतर कुणी तसं म्हटलं नाही.

त्या गाड्यांच्या फायबरच्या टाकीवर एक उभी पट्टी रंग न देता तशीच सोडलेली आहे. तिच्यातून आतलं पेट्रोल दिसतं. ना मीटर, ना तरंगता काटा. पीटमध्ये गाडी आली की नुसतं बघायचं, किती उरलंय. १९७४ ची रस्त्यावरची ७५० सुपर स्पोर्ट, हिरवट फ्रेमवाली, तिच्यावरही ती पट्टी ठेवली. साधारण चारशे बनल्या, आज किंमत ऐकून खुर्ची धरावी लागते.

मला स्वतःला डोळ्यांत भरतात ते इंजिनाच्या उजव्या अंगाने वर गेलेले दोन नळ. आत शाफ्ट आणि टोकांना बेव्हल (काटकोनात फिरवणारे) गिअर, त्यांनी कॅम फिरतो. साखळी नाही, पट्टा नाही. प्रत्येक गिअरचा दात दुसऱ्याशी नीट बसावा म्हणून कामगार हाताने शिम घालून जुळवायचा. एका इंजिनामागे किती तास मोडत असतील याचा हिशोब केला तर कंपनी कायम तोट्यात का होती ते कळतं. चालू इंजिनाजवळ कान नेला की त्या गिअरांची बारीक किणकिण ऐकू येते, मग सायलेन्सर तिला बुडवून टाकतो.

उद्यमनगरवाला

नादखुळा धागा. मी कोल्हापूरचा, फौंड्रीतला माणूस, म्हणून एक भर घालतो.

डुकाटी ७५० जीटीच्या अगदी सुरुवातीच्या, १९७१ च्या गाड्यांचे क्रँककेस सँडकास्ट (रेतीच्या साच्यात ओतलेले) आहेत आणि जमवाजमव करणारे लोक त्यांना जास्त पैसे मोजतात. त्यात हौसेचा भाग आहेच, पण कारण साधं आहे. रेतीच्या साच्यात ओतायचं तर लाकडी पॅटर्न (साचा उमटवायचा नमुना) पुरतो. डायकास्टिंगला पोलादी डाय लागते, तिचा खर्च हजारो नग निघणार असतील तरच परवडतो. गाडी विकली जाईल की नाही याची कंपनीला खात्री नव्हती, म्हणून आधी रेती. पुढे खप दिसला, डाय केली.

ओळखायचं कसं? हात फिरवा. रेतीतल्या कास्टिंगला दाणेदार खरखर असते, डायचं गुळगुळीत. फोटो झूम करून बघितलं तर पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ) घासून काढलेलीही दिसते. आमच्याकडे फेटलिंगला (ओतीव माल साफ करायला) बसणारा पोरगा जसं कानस मारतो तसंच कुणीतरी बोलोन्यात मारलेलं आहे. मला त्या गाडीत सगळ्यात जास्त तेच आवडलं.

खडकी_बाजार

एवढं इटालियन कौतुक चाललंय म्हणून ब्रिटिश बाजूने थोडं विरजण.

आमच्या आजोबांनी लढाईनंतर लष्कराच्या डिस्पोजलमधून बीएसए एम-२० घेतली. साइडव्हॉल्व्ह, ५०० सीसी, लष्करी रंग. तिने त्यांचा अख्खा संसार ओढला. हट्टबिट्ट काही नाही, नुसतं काम. आणि शर्यतींचं म्हणाल तर नॉर्टनची १९५० ची फेदरबेड फ्रेम, बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंची, ती आली तेव्हा तुमच्या चार सिलिंडरवाल्यांना वळणावर गाडी वाकवता येत नव्हती. जेफ ड्यूकने १९५१ मध्ये नॉर्टनच्या एका सिलिंडरवर ५०० चं विजेतेपद घेतलं. मग गिलेरा या तुमच्या चार सिलिंडरवाल्या इटालियन कंपनीने काय केलं? ड्यूकलाच पैसे देऊन नेला आणि त्याच्या सांगण्यावरून फ्रेम सुधारली. १९५३, ५४, ५५, तिन्ही वर्षं जिंकले. रायडर आमचा, फ्रेमची अक्कल आमची.

आणखी एक. 'एका माणसाचा हट्ट' म्हणता, पण गिलेराचं चार सिलिंडरचं इंजिन मुळात गिलेराचं नव्हतंच. विशीच्या दशकात रोममध्ये रेमोर आणि जानीनी यांनी सुरू केलेलं काम, फिरत फिरत गिलेराकडे आलं. पुढे रेमोर एमव्हीत गेला आणि एमव्हीकडेही चार सिलिंडर उगवले.

निळा_धूर

@खडकी_बाजार, माहिती बरोबर, निष्कर्ष उलटा. रेमोर गेला तिथे इंजिन गेलं, म्हणजे हट्ट माणसाचाच ना, कारखान्याचा कुठे?

पण एमव्हीचं नाव काढलंत ते बरं केलं. काउंट दोमेनिको अगुस्ताचा विमानांचा कारखाना, लढाईनंतर विमानं बनवायला बंदी. कामगार बसून राहू नयेत म्हणून मोटरसायकली. १९५७ च्या शेवटी गिलेरा, गुझी आणि मोंडियल तिघांनी ठरवून शर्यती सोडल्या. त्याच वर्षी मिल्ले मिल्याच्या कार शर्यतीत अपघातात प्रेक्षक मेले, इटलीत रस्त्यावरच्या शर्यती बंद झाल्या, आणि फिआटची छोटी ५०० बाजारात आली. घरी चारचाकी येत असेल तर मोटरसायकल कोण घेणार? एमव्हीनेही आधी हो म्हटलं आणि मग काउंटने शब्द फिरवला. १९५८ पासून १९७४ पर्यंत ५०० चं विजेतेपद दरवर्षी एमव्हीच्या रायडरला, सलग सतरा. त्यातली सात आगोस्तिनीची. मैदान अर्धं रिकामं होतं हे मी नाकारत नाही.

गंमत म्हणजे असा रेसिंगवेडा माणूस, आणि १९६७ मध्ये त्याने गिऱ्हाइकांसाठी काढलेली ६०० सीसी चार सिलिंडर गाडी जड, शाफ्ट ड्राइव्हची आणि दिसायला अशी की टाकी बघून हेडलाइटला रडू यावं. माझ्या मते इटलीतली सगळ्यात कुरूप गाडी. म्हणे काउंटला नको होतं की कुणी ती विकत घेऊन त्याच्याच टीमविरुद्ध शर्यतीत उतरवेल.

खडकी_बाजार

ती गाडी कुरूप आहे यावर भारत-इटली-ब्रिटन एकमत.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर १९७८ चं आयल ऑफ मॅन मी तुमच्या खात्यात टाकतो. माइक हेलवूड अकरा वर्षांनी टीटीत (त्या बेटावरच्या मोटरसायकल शर्यतीत) परतला, वय ३८, आणि डुकाटी ९०० वर टीटीचीच फॉर्म्युला वन नावाची शर्यत जिंकला. रायडर अर्थात आमचा.

कोरडी_भेळ

मिलानला कामानिमित्त जातोय, रविवार मोकळा आहे. मांडेल्लो होईल का? गाडी नाही, परवाना नाही, ॲव्हरेजची चिंता नाही.

निळा_धूर

@कोरडी_भेळ, मिलानहून लेक्कोवरून सोंद्रिओ-तिरानोकडे जाणारी रेल्वे पकडा, मांडेल्लोला स्टेशन आहे, कारखाना तिथून चालत. पण म्युझियमच्या वेळा बघूनच निघा, रोज उघडं नसतं. डुकाटीचं बोलोन्यात बोर्गो पानिगालेला, तिथे आधी बुकिंग करा.

@उद्यमनगरवाला, एक कामाचं विचारतो. माझ्याकडे गुझीची आयरोने आहे, २५० ची. तिच्या इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या साइड कव्हरला तडा गेलाय आणि इथे कुणी हात लावायला तयार नाही. जुनाच पार्ट पॅटर्न म्हणून वापरून नवा ओतता येईल का?

उद्यमनगरवाला

आधी आर्गन वेल्डिंग मारून बघा. सत्तर वर्षांचं ऑइल धातूत मुरलेलं असतं, त्यामुळे भट्टीत तापवून ते घाम फुटल्यासारखं बाहेर येऊ द्यायचं, पुसायचं, परत तापवायचं. तसं न करता वेल्डिंग केलं की नुसती भोकं पडतात, म्हणून लोक हात लावत नसतील.

ओतायचंच तर जुना पार्ट जसाच्या तसा पॅटर्नला लावू नका. ॲल्युमिनियम गार होताना सव्वा टक्क्याच्या आसपास आक्रसतं, पार्ट लहान येतो आणि तोंडाला मशीनिंगला माल उरत नाही. मापं घेऊन लाकडाचा पॅटर्न वेगळा करावा लागेल, आक्रसण धरून. एका नगासाठी पॅटर्नचाच खर्च जास्त होतो. तुमच्या तिकडच्या क्लबात त्याच मॉडेलचे चार-पाच मालक गोळा करा, बोल्टच्या भोकांची मापं कॅलिपरने घ्या आणि सगळ्या बाजूंचे फोटो शेजारी पट्टी ठेवून टाका. धातू एलएम २५ (ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू) धरू, जाडी कळली की वजन सांगतो.